नॅनोजेल, प्रारणनिर्मित

बहुवारिकाच्या लांब साखळ्या एकमेकींना किंवा स्वत:च्याच निरनिराळ्या भागांशी रासायनिक बंधांनी जोडल्या जाऊन तयार झालेल्या, द्रवाने फुगलेल्या व सामान्यत: १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर) व्यासाच्या जाळीदार कणास नॅनोजेल म्हणतात. आंतरराष्ट्रीय शुद्ध व अनुप्रयुक्त रसायनशास्त्र संघाने २००७ मध्ये ठरविलेल्या परिभाषेनुसार ०.१ ते १०० मायक्रोमीटर व्यासाच्या अशाच कणास मायक्रोजेल ही संज्ञा आहे. परंतु व्यवहारात दोनशे-तीनशे नॅनोमीटरांपर्यंतच्या कणांनाही नॅनोजेलच म्हटले जाते. ही जाळी गॅमा किरण, वेगवान इलेक्ट्रॉन यांसारख्या आयनीकारक प्रारणाच्या साहाय्याने विणली गेली असल्यास त्या कणाला प्रारणनिर्मित नॅनोजेल म्हणतात. औषध शरीरातील नेमक्या ठिकाणी पोहोचविणे, प्रथिनांचे रक्षण करणे, निदानासाठी किरणोत्सर्गी अणू वाहून नेणे इ. वैद्यकीय कामांसाठी या कणांचा अभ्यास होत आहे.

सामान्य जेलाचा ठोकळा व नॅनोजेल यांची रासायनिक घडण एकच असू शकते. तथापि आकारमानातील फरकामुळे त्यांचे वर्तन फार निराळे होते. ठोकळा पाण्यात टाकला, तर तो फुगतो पण विरघळत नाही. नॅनोजेलाचे कण मात्र विद्रावात तरंगत राहतात, ते सुईतून टोचता येतात व गाळणपत्रातून गाळता येतात, म्हणजे ⟶ कलिलाप्रमाणे वागतात. जेल फुगण्यास लागणारा काळ त्याच्या आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे टी. तानाका व डी. जे. फिलमोर यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. १ सेंमी. व्यासाच्या गोळीला फुगण्यास सुमारे तीन दिवस लागत असतील, तर त्याच पदार्थाच्या १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणास एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ पुरतो. त्यामुळे तापमान, पीएच मूल्य किंवा लवणाचे प्रमाण बदलताच नॅनोजेल जवळजवळ तत्क्षणी प्रतिसाद देतो.

पुष्कळदा एक नॅनोजेल म्हणजे स्वत:तच बांधली गेलेली एकच बहुवारिक साखळी असते. अशा कणाला रेणू म्हणावे की कण, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. त्याचा रेणुभार मूळ साखळीइतकाच असतो. परंतु साखळी विद्रावात सतत आकार बदलणाऱ्या सैल गुंडाळीसारखी असते, तर नॅनोजेलाचा आकार बांधलेला असतो.

इतिहास : हेरमान श्टाउडिंगर व ई. हुसेमान यांनी १९३५ मध्ये डायव्हिनिल बेंझीन या एकवारिकाचे अतिविरल विद्रावात बहुवारिकीकरण केले, तेव्हा ठोकळा न बनता विद्राव्य असे सूक्ष्म जाळीदार कण मिळाले. डब्ल्यू. ओ. बेकर यांनी १९४९ मध्ये अशा कणांना ‘मायक्रोजेल’ हे नाव दिले. कृत्रिम रबराच्या उत्पादनात असे कण नकोसे असत आणि त्यांच्याविषयीचे सुरुवातीचे बरेचसे ज्ञान त्यांना टाळण्याच्या प्रयत्नांतून मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रारणाने बहुवारिकाच्या साखळ्या जोडता येतात, हे दुसऱ्या महायुद्धानंतर स्पष्ट झाले. आर्थर चार्ल्सबी यांनी इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुभट्टीत पॉलिएथिलीन ठेवून ते न वितळणारे बनते, असे १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच दशकात पाण्यातील पॉलिव्हिनिल अल्कोहॉल, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन इ. बहुवारिकांवर गॅमा किरण सोडून जेल बनविण्यात आली. ओ. विख्टेर्ले व डी. लिम यांनी १९६० मध्ये पाण्याने फुगलेले जेल शरीराला सुसह्य असल्याचे दाखविल्यावर वैद्यकाचे लक्ष या पदार्थांकडे वळले. मऊ स्पर्शभिंगे हे त्याचे सर्वांत परिचित फळ होय. पोलंडमधील लॉज (वूच) येथील तांत्रिक विद्यापीठात यानुश रोशियाक यांनी १९८० नंतरच्या दशकात जलजेलाची जखमपट्टी प्रारणाने घडविण्याची व त्याच वेळी निर्जंतुक करण्याची पद्धती विकसित केली.

नॅनोजेल हा शब्द १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला. जपानमध्ये के. अकियोशी व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये कोलेस्टेरॉल जोडलेल्या पुलुलान या बहुशर्करेच्या साखळ्या आपोआप गोळा होऊन जेलकण बनतात असे दाखविले. १९९९ मध्ये एस. व्ही. व्हिनोग्रादोव्ह, ए. व्ही. कबानोव्ह इत्यादींनी औषधवहनासाठी रासायनिक पद्धतीने नॅनोजेल तयार केले. या दोहोंच्या दरम्यान, १९९८ मध्ये, लॉज येथील पी. उलान्स्की, आय. जानिक व रोशियाक यांनी कोणतेही जोडरसायन न वापरता केवळ इलेक्ट्रॉनांच्या स्पंदांनी नॅनोजेल बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे इटलीतील पालेर्मो, तुर्कस्तानातील अंकारा, जर्मनीतील ड्रेझ्डेन, अमेरिकेतील मेरिलँड व ब्राझीलमधील साऊँ पाउलू येथील संशोधकांनी हे काम निरनिराळ्या दिशांनी वाढविले.

प्रारणाची क्रिया : विरल विद्रावात बहुवारिकाचे प्रमाण शेकड्यात एखाद्या भागाहूनही कमी असल्यामुळे प्रारणाची जवळजवळ सर्व ऊर्जा पाणीच शोषून घेते. बहुवारिकावर होणारी क्रिया अप्रत्यक्ष असते. ऊर्जा शोषून घेतलेल्या पाण्याच्या रेणूंचे आयनीभवन व विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक, जलबद्ध इलेक्ट्रॉन व हायड्रोजन अणू हे अल्पायुषी पदार्थ, तसेच थोडा हायड्रोजन वायू व हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतात. शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे हायड्रॉक्सिल मूलके व जलबद्ध इलेक्ट्रॉन प्रत्येकी सुमारे २.७ आणि हायड्रोजन अणू सुमारे ०.६ मिळतात. [⟶ प्रारण रसायनशास्त्र].

यांपैकी उपयोगी पडते ते मुख्यत्वे हायड्रॉक्सिल मूलक. ते बहुवारिकाच्या कार्बन–हायड्रोजन बंधातील हायड्रोजन अणू काढून घेऊन पाणी बनते आणि साखळीवर मुक्त मूलक मागे ठेवते. जलबद्ध इलेक्ट्रॉन मात्र पॉलिव्हिनिल पायरोलिडोनासारख्या बहुवारिकांशी फारशी विक्रिया करीत नाही. तो वाया जाऊ नये म्हणून विद्राव आधी नायट्रस ऑक्साइड वायूने संपृक्त करतात. हा वायू इलेक्ट्रॉन पकडतो व त्याच्या मोबदल्यात आणखी एक हायड्रॉक्सिल मूलक देतो. परिणामी या मूलकांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट, म्हणजे दर जूलमागे सुमारे ०.५६ मायक्रोमोल होते. वायूचे बुडबुडे सोडल्याने विद्रावातील ऑक्सिजनही निघून जातो, हा दुसरा लाभ. ऑक्सिजन राहिल्यास तो साखळीवरील मूलकांशी संयोग पावून पेरॉक्सिल मूलके बनवितो व त्यांतून साखळी तुटण्याची क्रिया बळावते. पुष्कळ नवशिक्या प्रयोगांत जाळी विणली जाण्याऐवजी बहुवारिकाचे तुकडे हाती येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

साखळीवर उत्पन्न झालेल्या मूलकांपुढे अनेक मार्ग असतात. दोन निरनिराळ्या साखळ्यांवरील मूलके जोडली गेल्यास आंतरसाखळी आडबंध बनतो व रेणुभार वाढतो. एकाच साखळीवरील दोन मूलके जोडली गेल्यास अंतर्गत आडबंध बनतो. रेणुभार तोच राहतो, पण गुंडाळी आकसते. दोन मूलकांमध्ये हायड्रोजन अणूची देवघेव होऊन ती बंधाविनाच नष्ट होऊ शकतात, किंवा साखळीच तुटू शकते. आंतरसाखळी बंध वाढत जाऊन सरासरी दर साखळीमागे एक आडबंधित घटक झाला की संपूर्ण पात्रभर पसरलेले एकच जाळे बनू लागते. ज्या मात्रेला हे घडते तिला जेलमात्रा म्हणतात. जखमपट्टी बनविणाऱ्याला ही मात्रा ओलांडावयाची असते. नॅनोजेल बनविणाऱ्याला ती टाळावयाची असते. नॅनोजेलाची सारी कला म्हणजे साखळ्यांनी शेजारणीला न धरता स्वत:लाच धरावे अशी परिस्थिती निर्माण करणे होय.

स्पंदाचे महत्त्व : ही परिस्थिती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे विद्रावाची विरलता. गुंडाळ्या एकमेकींत शिरू लागतात त्या संहतीहून विद्राव पुष्कळ विरल असला पाहिजे. दुसरी व अधिक निर्णायक गोष्ट म्हणजे एका क्षणी एका साखळीवर असलेल्या मूलकांची सरासरी संख्या. ती एकाहून कमी असेल, तर मूलकाला जोडीदार शोधण्यासाठी दुसऱ्या साखळीकडेच जावे लागते. ती दहा, वीस किंवा शंभर असेल, तर जोडीदार त्याच गुंडाळीत, काही नॅनोमीटरांवर उपलब्ध असतो आणि दुसरी साखळी पसरत पसरत येऊन पोहोचण्यापूर्वीच बहुतेक मूलके आपापसांत जोडली जातात.

एका हिशोबावरून हे स्पष्ट होईल. पॉलिव्हिनिल पायरोलिडोनाच्या एक लिटर विद्रावात सुमारे १.१ ग्रॅम बहुवारिक, म्हणजे १० मिलिमोल घटक आहेत व प्रत्येक साखळीत ५,००० घटक आहेत असे मानू. साखळ्यांची संहती लिटरमागे २ मायक्रोमोल होईल. नायट्रस ऑक्साइडाने संपृक्त अशा या विद्रावास १ किलोग्रे (१ ग्रे = दर किलोग्रॅममागे १ जूल) मात्रा दिल्यास लिटरमागे सुमारे ५६० मायक्रोमोल हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतील. रेषीय कणवेगवर्धकातून ही मात्रा काही मायक्रोसेकंदांच्या एकाच स्पंदात देता येते. काही मूलके बहुवारिकापर्यंत पोहोचण्यापूर्वी एकमेकांशी जोडली जाऊन संपली असे धरले, तरी प्रत्येक साखळीवर एकाच वेळी दोनशेच्या वर मूलके उमटतात. म्हणजे दर वीस-पंचवीस घटकांमागे एक. याउलट कोबाल्ट–६० च्या स्रोतापाशी मात्रात्वरा सेकंदाला १ ग्रे असेल, तर तीच १ किलोग्रे मात्रा मिळण्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. मूलके जशी बनतात तशीच संपत जातात आणि कोणत्याही क्षणी दर साखळीमागे सरासरी एकही मूलक नसते. मात्रा तीच, विद्राव तोच, बहुवारिकही तेच; परंतु एका पद्धतीत साखळ्या आकसून घट्ट होतात व दुसऱ्या पद्धतीत एकमेकींना जोडल्या जाऊन वाढतात. प्रारणाच्या परिणामात एकूण मात्रेइतकेच ती देण्याच्या वेगालाही महत्त्व असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण रसायनशास्त्रात क्वचितच सापडते.

प्रत्यक्षात साखळीतील मूलके जोडली जाण्याचा वेग काळानुसार मंदावत जातो. जवळचे जोडीदार प्रथम संपतात. उरलेल्यांना आकसलेल्या व म्हणून कमी लवचिक झालेल्या गुंडाळीतून मार्ग काढावा लागतो. म्हणून नेहमीचा स्थिर वेगांक येथे लागू पडत नाही. हे निष्कर्ष स्पंद-प्रारणापघटन या तंत्राने मिळाले. त्यात स्पंदानंतर मूलकांचे जंबुपार प्रकाशाचे शोषण सेकंदाच्या अंशाअंशाने मोजले जाते.

वरील दोन प्रकारांचा जाणीवपूर्वक मेळही घालता येतो. प्रथम मंद गॅमा प्रारणाने साखळ्या हव्या तितक्या जोडून रेणुभार वाढवावयाचा आणि नंतर विद्राव विरल करून इलेक्ट्रॉन स्पंदांनी त्यांना आतून बांधावयाचे, अशी द्विपदी पद्धती लॉज येथे वापरण्यात आली. तिच्यामुळे कणाचा रेणुभार व आकारमान ही दोन बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरविता येतात. गुंडाळी आधीच आकसलेली असेल, तर काम आणखी सोपे होते. त्यासाठी विद्राव तापविणे, पाण्यात ॲसिटोनासारखा बहुवारिकाला न मानवणारा द्रव मिसळणे, किंवा पॉलिॲक्रिलिक अम्ल व पॉलिव्हिनिल पायरोलिडोन यांसारखी एकमेकांना धरून ठेवणारी बहुवारिके एकत्र करणे, असे उपाय योजले गेले आहेत. पॉलिव्हिनिल मिथिल ईथर हे बहुवारिक शरीराच्या तापमानाच्या आसपास पाण्यातून वेगळे होऊ लागते. त्या अवस्थेतील थेंबुल्यांवर इलेक्ट्रॉन शलाका सोडून तापमानाला प्रतिसाद देणारे जेलकण ड्रेझ्डेन येथे २००१ च्या सुमारास तयार करण्यात आले.

विद्युत् भार असलेल्या बहुवारिकांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. पॉलिॲक्रिलिक अम्लाचे गट आयनीभूत झाले की परस्पर प्रतिसारणामुळे साखळी ताणली जाते, मूलके एकमेकांपासून दूर राहतात व दीर्घकाळ टिकून शेवटी साखळी तोडतात. म्हणून हे प्रारणन पीएच मूल्य सु. २ ठेवून, म्हणजे गट भाररहित असताना करतात.

एकवारिकापासूनही प्रारणाने नॅनोजेल बनविता येतात. तेलात विखुरलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत एकवारिक विरघळवून गॅमा किरणांनी त्याचे बहुवारिकीकरण करतात. येथे थेंबच साच्याचे काम करतो. मात्र पायसकारक व उरलेले एकवारिक धुऊन काढावे लागत असल्याने प्रारणपद्धतीचा मुख्य फायदाच येथे उणावतो.

साधने : कोबाल्ट–६० (अर्धायुष्य ५.२७ वर्षे) मधून १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण मिळतात. ते खोलवर जात असल्यामुळे मोठी पात्रे वापरता येतात. इलेक्ट्रॉनांचा शिरकाव मर्यादित असतो. १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पाण्यात सुमारे ५ सेंमी. व २ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे १ सेंमी. पर्यंत पोहोचतात, म्हणून विद्राव पातळ थरात किंवा अरुंद नळ्यांत ठेवतात. या मर्यादेतील ऊर्जांमुळे प्रारित पदार्थ किरणोत्सर्गी होत नाहीत. प्रारणित वस्तूविषयी सामान्यत: जी भीती असते तिला येथे आधार नाही.

विद्राव फारसा तापतही नाही. १ किलोग्रे म्हणजे किलोग्रॅममागे १,००० जूल. त्याने पाण्याचे तापमान केवळ पाव अंश सेल्सियसने वाढते. रासायनिक बंध बांधण्यास पुरेशी असणारी ही ऊर्जा उष्णतेच्या दृष्टीने नगण्य आहे.

परीक्षा : नॅनोजेल तयार झाला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, विद्राव प्रारणनापूर्वी असतो तसाच स्वच्छ राहतो. श्यानता कमी झाली, हे पहिले चिन्ह. परंतु साखळ्या तुटल्या तरी श्यानता कमी होतेच. म्हणून रेणुभार स्वतंत्रपणे मोजणे अत्यावश्यक असते. श्यानता उतरली व रेणुभार कायम राहिला, तरच अंतर्गत आडबंध बनले असे म्हणता येते. प्रकाशप्रकीर्णनाच्या दोन प्रकारांनी कणाची घूर्णन त्रिज्या व जलगतिकीय त्रिज्या मिळते. सैल साखळीसाठी या दोहोंचे गुणोत्तर १.५ च्या आसपास, तर भरीव गोलासाठी ०.७७५ असते; प्रारणन होत जाते तसे हे गुणोत्तर उतरताना दिसते. कणांचा विद्राव वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली चित्रे आकर्षक असतात, पण वाळलेला कण फुगलेल्या कणाविषयी फारसे सांगत नाही.

वैद्यकीय उपयोग : रासायनिक पद्धतीने नॅनोजेल बनविताना प्रारंभक, जोडरसायन, उत्प्रेरक, पायसकारक असे पदार्थ लागतात आणि त्यांपैकी अनेक विषारी असतात. शरीरात टोचावयाच्या पदार्थातून ते शेवटच्या अंशापर्यंत काढणे अवघड व खर्चिक असते. प्रारणपद्धतीत बहुवारिक, पाणी व वायू एवढेच घटक असतात. विद्राव बंद कुपीत ठेवून वैद्यकीय साहित्यासाठी प्रमाणभूत मानली जाणारी २५ किलोग्रे मात्रा दिल्यास निर्मिती व निर्जंतुकीकरण एकाच वेळी होऊ शकते. अर्थात ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतूनही नॅनोजेल निर्जंतुक करता येत असल्याने हा फायदा कधीकधी वाजवीपेक्षा जास्त सांगितला जातो. शिवाय पदार्थ सर्वस्वी शुद्ध असतो असे नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड शिल्लक राहते व ते अपोहनाने किंवा कॅटॅलेज या एंझाइमाने काढावे लागते.

प्रारणनात पॉलिव्हिनिल पायरोलिडोनाच्या साखळीवर काही कार्बॉक्सिल व अमिनो गट निर्माण होतात, असे पालेर्मो येथे सी. डिस्पेन्झा व सहकारी यांना आढळले. प्रथमदर्शनी दोष वाटणारी ही गोष्ट उपयोगी ठरली, कारण या गटांना औषधे, प्रतिपिंडे किंवा प्रतिदीप्त रंजके जोडता येतात. या गटाने नॅनोजेलास इन्शुलीन जोडून आल्झायमर रोगाच्या संदर्भात त्याचा अभ्यास केला (२०१६) आणि अशा कणांमुळे नाकावाटे दिलेले इन्शुलीन मेंदूपर्यंत पोहोचण्यास मदत होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दाखविले (२०१८). येथे एक पथ्य पाळावे लागते. इन्शुलीन प्रारणनानंतरच जोडावे लागते. आधी मिसळल्यास जे हायड्रॉक्सिल मूलक जाळी विणते तेच प्रथिनाची मोडतोड करते. काही प्रथिने मात्र योग्य परिस्थितीत स्वत:च प्रारणाने बांधली जातात. साऊँ पाउलू येथे पपईतील पपेन या एंझाइमाचे असे नॅनोकण तयार करण्यात आले व एंझाइमाची क्रियाशीलता बऱ्याच अंशी टिकविता आली.

लॉज येथे पॉलिॲक्रिलिक अम्लाच्या नॅनोजेलास कर्ककोशिकांवरील विशिष्ट ग्राहींना चिकटणारे पेप्टाइड व धातूचा आयन पकडून ठेवणारा गट जोडून त्यांतून किरणोत्सर्गी धातू नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. सांध्यातील वंगणद्रवाला पर्याय ही तेथीलच एक कल्पना. संधिदाहात निर्माण होणारी मूलके हायलुरोनिक अम्लाची लांब साखळी तोडतात व वंगणाची श्यानता घटते. नॅनोजेलात एखादा बंध तुटला तरी इतर बंधांमुळे कण एकसंध राहतो, म्हणून तो अधिक टिकेल असा हा तर्क आहे.

कर्करोगावरील औषधांच्या संदर्भात नॅनोकणांच्या समर्थनार्थ नेहमी एक युक्तिवाद केला जातो. अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे मोठे रेणू तेथे झिरपून साठतात, असे वाय. मात्सुमुरा व एच. माएदा यांनी १९८६ मध्ये दाखविले होते. प्राण्यांमधील कृत्रिमरीत्या वाढविलेल्या अर्बुदांत हा परिणाम ठळक असतो; माणसांत मात्र तो रुग्णागणिक व अर्बुदागणिक फार बदलतो. केवळ आकारमानावर विसंबून औषध नेमक्या ठिकाणी पोहोचेल, ही अपेक्षा म्हणूनच जपून करावी लागते.

मर्यादा व सुरक्षितता : कणाचे काम संपल्यावर तो कोठे जातो, हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर प्रश्न होय. सुमारे ५.५ नॅनोमीटरांहून लहान कण वृक्कांतून गाळले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतात. त्याहून मोठे कण यकृत व प्लीहा यांतील भक्षिकोशिका उचलतात. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, पॉलिव्हिनिल अल्कोहॉल व पॉलिॲक्रिलिक अम्ल यांच्या साखळीचा कणा कार्बन–कार्बन बंधांचा असतो व तो तोडणारे एंझाइम मानवी शरीरात नाही.

याविषयी इतिहासात एक बोलका दाखला आहे. वॉल्टर रेप यांनी जर्मनीत शोधून काढलेले पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाला पर्याय म्हणून जखमी सैनिकांना टोचण्यात आले. त्यामुळे तातडीचा उपयोग झाला आणि पदार्थ निरुपद्रवी मानला गेला. परंतु पुढील दशकांत त्याची इंजेक्शने वारंवार घेतलेल्या रुग्णांच्या त्वचा, अस्थी, यकृत इ. भागांतील कोशिकांत तो साठून राहिल्याचे आढळले. या विकाराला पॉलिव्हिनिल पायरोलिडोन संचय रोग असे नाव मिळाले. साखळ्या लांब असल्यामुळे त्या वृक्कांतून बाहेर पडू शकल्या नव्हत्या. विषारी नसणे व शरीराबाहेर जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिली प्रयोगशाळेतील कोशिकांवर काही दिवसांत तपासता येत असली, तरी दुसरी कळण्यास वर्षे लागू शकतात. नॅनोजेलावरील अनेक शोधनिबंधांत पहिलीचाच पुरावा देऊन पदार्थ जैवसुसंगत म्हटला जातो, तो अपुरा आहे.

शरीरात सहज विघटन पावणारे बहुवारिक घ्यावे, तर वेगळीच अडचण येते. कायटोसान, अल्जिनेट, हायलुरोनिक अम्ल इ. बहुशर्करांच्या साखळ्या विरल विद्रावात प्रारणाने जोडल्या न जाता तुटतात. म्हणजे जे शरीराला तोडता येते ते प्रारणाला बांधता येत नाही व जे प्रारणाला बांधता येते ते शरीराला तोडता येत नाही. कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजासारखी व्युत्पन्ने दाट लगद्याच्या स्वरूपात बांधली जातात, हे जपानमधील ताकासाकी येथे दिसून आले, परंतु नॅनोजेलास दाट लगदा चालत नाही. बहुशर्करेला दुहेरी बंध असलेले गट जोडणे, प्रथिनांचा आधार घेणे, किंवा वृक्कांतून जाऊ शकतील अशा लहान साखळ्या तुटणाऱ्या दुव्यांनी जोडणे हे उपाय अभ्यासले जात आहेत.

खर्चाचीही बाजू आहे. स्पंद देणारा वेगवर्धक, त्याची जाड काँक्रीटची संरक्षक भिंत व प्रशिक्षित कर्मचारी ही सामग्री औषधनिर्मितीच्या सामान्य कारखान्यात नसते. तथापि वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी उभारलेले वेगवर्धक अनेक देशांत आधीच आहेत आणि नॅनोजेलास लागणारी मात्रा त्यांच्या आवाक्यातील आहे. पालेर्मो येथील संशोधनात मुद्दाम अशाच औद्योगिक यंत्रांचा वापर करण्यात आला.

भारतात वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९७४ मध्ये सुरू झाला. तेथीलच भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या व चिघळलेल्या जखमांसाठी पॉलिव्हिनिल अल्कोहॉलावर आधारित जलजेलाची पट्टी प्रारणाने तयार करण्याचे तंत्र विकसित करून ते उद्योगांकडे सोपविले. नवी मुंबईतील वाशी येथे २ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा औद्योगिक इलेक्ट्रॉन वेगवर्धकही उभारण्यात आला. जखमपट्टीत वापरलेले रसायनशास्त्र व नॅनोजेलाचे रसायनशास्त्र एकच आहे. मात्र पट्टी शरीराबाहेर राहते व काही दिवसांनी काढून टाकली जाते, तर नॅनोजेल रक्तात जातो. त्यामुळे पट्टीचा अनुभव निर्मितीच्या बाबतीत उपयोगी पडला, तरी सुरक्षिततेच्या कसोट्या नव्यानेच लावाव्या लागतात. प्रारणनिर्मित नॅनोजेलांवरील काम मुख्यत: प्रयोगशाळेतील कोशिका व प्राणी यांच्यापुरते झालेले असून, त्वचेवर, डोळ्यांत किंवा सांध्यात स्थानिक रीतीने वापरावयाचे प्रकार रक्तात टोचावयाच्या प्रकारांपेक्षा लवकर प्रत्यक्ष वापरात येण्याजोगे दिसतात.